चित्रपटाचा कर्ता कोण ?

चित्रपटगृहाच्या दाराशीं उभा असलेला प्रेक्षक तिकीट काढण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारतो. "खेळ कसला आहे ?" हा पहिला, आणि "कोणाचा आहे ?" हा दुसरा. पहिल्याचें उत्तर पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, विनोदी असें कांहींतरी मिळतें. दुसऱ्याच्या उत्तरादाखल एखाद्या व्यक्तीचें किंवा संस्थेचें नांव येतें. सोलापूरसारख्या गांवीं, जेथें गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजला जाई आणि मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या चार भाषा एकाच बाजारांत कानांवर पडत, तेथें पहिल्या प्रश्नाला विशेष महत्त्व होतें. संवाद अर्धेमुर्धे कळले तरी संतपटांत काय पाहावयाचें आणि मारामारीच्या खेळांत काय पाहावयाचें, हें प्रेक्षकाला शिकवावें लागत नसे. खेळाचा प्रकार हीच त्या चार भाषांच्या गांवाची पांचवी भाषा होती.

विद्वानांनीं पुढें याच दोन प्रश्नांचे दोन पक्ष केले. चित्रपट हा मुख्यतः त्याच्या प्रकारावरून ओळखावा, असें एक पक्ष म्हणतो. पुस्तक जसें लेखकाचें, तसा चित्रपट दिग्दर्शकाचा, असें दुसरा पक्ष म्हणतो. वाद वरवर पंडिती दिसतो. परंतु श्रेय कोणाला द्यावयाचें, दोष कोणाच्या माथीं ठेवावयाचा, आणि पुढच्या पिढीनें कोणाचें नांव लक्षांत ठेवावयाचें, हें सर्व या वादाच्या निकालावर अवलंबून आहे. सोलापूर जिल्ह्याशीं नातें असलेल्या कांहीं चित्रपटांवर हे दोन्ही पक्ष घांसून पाहिले, म्हणजे कोणाचें बळ कोठें आहे आणि उणीव कोठें आहे, तें स्वच्छ दिसूं लागतें.

प्रकाराची कल्पना चित्रपटाहून फार जुनी आहे. ग्रीसमध्यें अ‍ॅरिस्टॉटलनें शोकान्त नाट्य व महाकाव्य यांचे धर्म निरनिराळे करून सांगितले. भारतांत भरताच्या नाट्यशास्त्रानें, आणि त्यानंतर दहाव्या शतकांत धनंजयाच्या 'दशरूपका'नें, रूपकाचे दहा प्रकार लावून दिले. वस्तु, नेता आणि रस या तिहींवरून एक रूपक दुसऱ्याहून वेगळें ठरतें, असें धनंजयाचें सूत्र आहे; आणि हजार वर्षांनंतर पडद्यावरील खेळांची वर्गवारी करणाऱ्यांनाहि त्यापलीकडे फारसें जातां आलेलें नाहीं. १९४८ सालीं रॉबर्ट वॉर्शो या अमेरिकन टीकाकारानें गुंडांच्या टोळ्यांवरील चित्रपटांविषयीं एक निबंध लिहिला. असा चित्रपट पाहणारा मनुष्य तो खऱ्या आयुष्याशीं ताडून पाहत नाहीं, त्याच जातीच्या पूर्वीं पाहिलेल्या चित्रपटांशीं ताडतो, हें त्याचें मर्म. १९८४ सालीं रिक ऑल्टमन यानें आणखी एक उपयुक्त भेद केला. घोडा, पिस्तुल, ओसाड माळ हे झाले प्रकाराचे घटक. हे घटक ज्या रीतीनें एकमेकांशीं जोडले जाऊन अर्थ देतात, ती झाली प्रकाराची रचना. घटक उसने आणणें सोपें असतें. रचना पेलणें अवघड असतें.

दुसरा पक्ष वयानें लहान, पण आवाजानें मोठा. फ्रान्समध्यें १९५१ सालीं 'काहिए द्यु सिनेमा' हें मासिक निघालें. त्याच्या जानेवारी १९५४ च्या अंकांत फ्रान्स्वा त्रुफो या तरुण टीकाकारानें आपल्या देशांतील प्रतिष्ठित चित्रपटांवर हल्ला चढविला. नामांकित कादंबऱ्यांवरून नामांकित लेखकांनीं पटकथा लिहाव्या आणि दिग्दर्शकानें त्यांना केवळ चित्रें पुरवावीं, ही रीत त्याला अमान्य होती. खरा दिग्दर्शक आपल्या चित्रपटाचा 'ओतर', म्हणजे लेखक असतो, असा या मंडळींचा आग्रह. १९६२ सालीं अमेरिकेंत अँड्र्यू सॅरिस यानें या आग्रहाला उपपत्तीचें रूप देऊन तीन कसोट्या सांगितल्या : दिग्दर्शकाला कसब असावें, निरनिराळ्या चित्रपटांतून त्याची ओळखूं येणारी वृत्ति दिसावी, आणि त्याची वृत्ति व हातीं आलेली सामग्री यांच्या ओढाताणींतून आंतला अर्थ प्रकट व्हावा. पुढच्याच वर्षीं पॉलीन केल या टीकाकार बाईंनीं त्याचा खरपूस समाचार घेतला. तीच ती खूण वारंवार दिसली म्हणून चित्रपट चांगला कसा ठरतो, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. त्याहि आधीं, १९५७ सालीं, 'काहिए'च्या घरांतलेच वडीलधारे आन्द्रे बाझां यांनीं आपल्या तरुण सहकाऱ्यांना व्यक्तिपूजेच्या धोक्याची जाणीव दिली होती.

महाराष्ट्रांत हा प्रश्न फ्रान्सच्याहि आधींपासून व्यवहारांत होता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, तेव्हां दादासाहेब फाळके हे त्याचे निर्माते, लेखक व दिग्दर्शक सर्वच होते. त्या चित्रपटाचा कर्ता कोण, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं 'सैरंध्री' (१९२०), 'सिंहगड' (१९२३) आणि 'सावकारी पाश' (१९२५) असे अनुक्रमें पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक चित्रपट काढले. तीन प्रकार, पण हात एक. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३३ सालीं ती पुण्यास आली. मग मात्र प्रेक्षकाच्या दुसऱ्या प्रश्नाला एक नवें उत्तर मिळूं लागलें. "कोणाचा आहे ?" "प्रभातचा." पडद्यावर तुतारी वाजविणारी स्त्री दिसली कीं, दिग्दर्शक कोण याची चौकशी न करतां लोक निश्चिंत होत. संस्था हीसुद्धां कर्ता असूं शकते, हें उत्तर दोन्ही पक्षांच्या हिशेबांत नीट बसत नाहीं.

सोलापूर जिल्ह्याची पहिली साक्ष पंढरपूरची. मराठी संतपटाचें दैवत तेथें विटेवर उभें आहे. प्रकाराचा उगम इतक्या नेमकेपणानें नकाशावर दाखवितां येण्याचीं उदाहरणें थोडीं. संतपटाची रचना ठरलेली असते. संसारांत दरिद्री पण भक्तींत श्रीमंत असा नायक, त्याचा छळ करणारा दांभिक प्रतिष्ठित, परीक्षेचा प्रसंग, चमत्कार, आणि शेवटीं लोकांनीं दिलेली मान्यता. प्रभातनें १९३५ सालीं एकनाथांवर 'धर्मात्मा' काढला, तो व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केला. १९३६ सालीं 'संत तुकाराम' काढला, तो विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनीं. संस्था तीच, प्रकार तोच, वर्षांचें अंतर अवघें एक. दिग्दर्शकाचा हात खरोखर कितपत दिसतो, हें तपासण्यास याहून सोयीची जोडी मिळणार नाहीं.

आणि तो हात दिसतो, हें मान्य केलें पाहिजे. शांतारामांचे एकनाथ अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहणारे सुधारक आहेत. त्या चित्रपटाचें मूळ नांव 'महात्मा' असें होतें. सरकारी परीक्षकांच्या हरकतीमुळें तें बदलावें लागलें. त्या नांवांतच दिग्दर्शकाची नजर कोणीकडे होती, तें कळतें. दामले-फत्तेलालांचा तुकाराम मात्र घरांत राहतो. त्याच्या घरीं म्हैस आहे, उपाशीं मुलें आहेत, आणि मुलगा आजारी पडला म्हणून हातांत वहाण घेऊन विठोबाला जाब विचारावयास निघालेली जिजाई आहे. गौरी या नटीनें रंगविलेली ही जिजाई चित्रपटाला जमिनीवर धरून ठेवते. म्हणूनच विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आकाशांत जातो, तेव्हां त्यावर विश्वास बसतो. दोन्ही चित्रपट केवळ संतपट म्हणून एका खणांत टाकले, तर हा भेद हातून निसटतो. प्रकाराच्या उपपत्तीची ही पहिली उणीव. ती जात सांगते, पण व्यक्ति सांगत नाहीं.

परंतु दिग्दर्शकाच्या पक्षानें येथें फार आनंद मानूं नये. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक दोन. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक. कथा-संवाद शिवराम वाशीकरांचे, संगीत केशवराव भोळे यांचें. तुकोबांच्या मूळ अभंगांबरोबर एक नवा अभंग शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचला, आणि तो तुकोबांचाच आहे अशी पुष्कळांची समजूत झाली. अभंग हा प्रकार इतका बळकट, कीं त्याच्या छायेंत कर्ता दिसेनासा झाला. योगायोग असा, कीं चित्रपटाच्या कथेंतहि भांडण कर्तृत्वाचेंच आहे. सालोमालो हा ढोंगी कीर्तनकार तुकारामाच्या रचना आपल्या म्हणून मिरवितो आणि उलट तुकारामावरच चोरीचा आळ घेतो. हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवांत त्याची निवडक चित्रपटांत गणना झाली. तरीहि जगांतील नामवंत दिग्दर्शकांच्या याद्या करणाऱ्यांनीं दामले-फत्तेलालांना क्वचितच स्थान दिलें. याद्या एकेका नांवाच्या असतात. दोघांनीं मिळून, चौघांच्या साह्यानें केलेल्या कामासाठीं त्यांत रकाना नसतो.

दुसरी साक्ष खुद्द सोलापूर शहराची. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांतून ते डॉक्टर झाले, आणि १९३८ सालीं जपानी आक्रमणानें गांजलेल्या चीनमध्यें काँग्रेसनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून गेले. इतर परत आले, कोटणीस राहिले. आठव्या मार्ग सेनेच्या जखमी शिपायांवर त्यांनीं शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं बत्तिसाव्या वर्षीं त्यांचें निधन झालें. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं १९४४ सालीं त्यांच्यावर पुस्तक लिहिलें. अब्बास व वसंत साठे यांनीं त्यावरून पटकथा केली. आणि १९४६ सालीं राजकमल कलामंदिरानें 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, आणि कोटणिसांची भूमिकाहि त्यांचीच.

या चित्रपटांत कोटणीस अपस्मारानें मरत नाहींत. एका भयंकर सांथीशीं झुंजतां झुंजतां तोच रोग त्यांना जडतो आणि त्यांत त्यांचा अंत होतो. सोलापूरच्या माणसाला हा बदल खटकणें स्वाभाविक आहे. कारण खरा मनुष्य त्याच्या गांवचा होता. पण बदल कां झाला ? प्रकाराच्या पक्षाचें उत्तर तयार आहे. हुतात्म्याच्या चरित्रपटांत मरण हें सेवेचें फळ असावें लागतें. देहांत दडलेला आजार अचानक उफाळावा, ही आयुष्याची रीत झाली, चरित्रपटाची नव्हे. संतपटांतील परीक्षा, त्याग आणि शेवटचें आरोहण हीच रचना येथें डॉक्टरी पोषाख घालून आली आहे. हें उत्तर समाधानकारक वाटतें.

दिग्दर्शकाच्या पक्षाचें उत्तरहि तितकेंच तयार आहे. शांतारामांनीं १९५७ सालीं 'दो आँखें बारह हाथ' काढला. औंध संस्थानांतील स्वतंत्रपूर येथें कैद्यांना मोकळें ठेवून सुधारण्याचा जो प्रयोग झाला होता, त्यावर तो आधारला होता. तेथेंहि नायक शांताराम स्वतः. तेथेंहि एकटा, आदर्शवादी मनुष्य परक्या माणसांत जाऊन त्यांना आपलेंसें करतो. आणि तेथेंहि त्यांच्यासाठीं झुंजतांना प्राण देतो. एकच नट-दिग्दर्शक अकरा वर्षांच्या अंतरानें, अगदीं निराळ्या विषयांत, तेंच मरण स्वतःकरितां योजतो, याला निव्वळ प्रकाराची सक्ति म्हणून कसें भागेल ? प्रकाराच्या उपपत्तीला हा दुवा सांपडतच नाहीं. कारण तिच्या लेखीं एक चरित्रपट आहे आणि दुसरा तुरुंगपट. पण तेथेंच तिसरा दावेदार उठतो. पहिल्या चित्रपटाची कथा अब्बास-साठे यांची, दुसऱ्याची ग. दि. माडगूळकरांची. लेखकांना वगळून हा निकाल एकट्या दिग्दर्शकाच्या बाजूनें लावणें अन्यायाचें होईल. आणि सर्वांच्या मागें एक चौथी गोष्ट उभी आहे : १९४६ सालचा देश, ज्याला स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्या माणसाचें मरण वायां गेलें नाहीं असें पाहावयाचें होतें. काळ हा कोणत्याच पक्षाच्या वहींत नोंदलेला कर्ता नाहीं. पण त्याचा हात नाहीं असें कोण म्हणेल?

लेखकाचा हा दावा डॉ. जब्बार पटेल यांच्या चित्रपटांत अधिकच जोरानें पुढें येतो. त्यांचा जन्म पंढरपूरचा, १९४२ सालचा. ग्रामीण चित्रपट व तमाशापट हा प्रकार त्यांच्या आधीं मराठींत घट्ट रुजला होता. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यांत १३१ आठवडे चालला. कुटिल पाटील हा या प्रकाराचा ठरीव घटक. १९७५ च्या बर्लिन महोत्सवांत गेलेल्या 'सामना'मध्यें जब्बार पटेलांनीं हा पाटील ठेवला, निळू फुले यांच्याकडूनच करविला, पण त्याला वाड्यांतून उचलून साखर कारखान्याच्या गादीवर बसविलें. घटक जुना राहिला, रचना पालटली. जुना पाटील अबलांना छळी. हा नवा धनी विकास करतो, माणसें पोसतो आणि म्हणून अधिक भयंकर ठरतो. त्याच्यासमोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न घेऊन उभा राहतो. प्रकार म्हणजे साचा नव्हे, तर समाज बदलला कीं आंतून बदलणारी वस्तु होय, हें प्रकाराच्या उपपत्तीचें सर्वांत मोठें बळ येथें दिसतें.

पुढें 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांतहि सत्तेच्या भिंतीवर एकट्यानें डोकें आपटणारें माणूस आहे. एका ठिकाणीं तो पत्रकार आहे, दुसऱ्या ठिकाणीं महिलाश्रमाची अधीक्षिका. ही दिग्दर्शकाची खूण, असें सॅरिसचा शिष्य म्हणेल. परंतु या तिन्ही चित्रपटांच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या आहेत, आणि तेंडुलकरांच्या नाटकांत तें माणूस आधींपासून वावरत होतें. मग खूण कोणाची ? दोघांच्या वृत्ति जुळल्या म्हणून हे चित्रपट झाले, एवढेंच खरें उत्तर आहे.

शेवटची साक्ष करमाळा तालुक्यांतील जेऊर गांवची. तेथील नागराज मंजुळे यांनीं 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) हे चित्रपट काढले. 'सैराट'ची नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. सत्ताधारी पाटलाची मुलगी आणि खालच्या मानलेल्या जातीचा मुलगा, विहीर, ऊंस, गाणीं, पळून जाणें : 'सैराट'चा पूर्वार्ध प्रेमकथेच्या प्रकाराला इतका प्रामाणिक आहे, कीं प्रेक्षक निर्धास्तपणें त्यांत शिरतो. अजय-अतुल यांच्या संगीतानें गांवोगांव चित्रगृहें दणाणलीं. उत्तरार्धांत हैदराबादच्या झोपडपट्टींत गाणीं थांबतात आणि संसार सुरू होतो. शेवटीं माहेरचीं माणसें भेटवस्तु घेऊन येतात, आणि त्यानंतर पडद्यावरील आवाजच काढून घेतलेला आहे. तान्ह्या मुलाचीं रक्ताळलेलीं पावलें तेवढीं उमटत राहतात. प्रकारानें दिलेलें वचन प्रकाराच्याच दाराशीं मोडलें जातें. प्रेक्षकाला प्रेमकथेची संवय नसती, तर हा आघात झालाच नसता.

या चित्रपटाची परीक्षा नियतीनेंच घेतली. २०१७ सालीं त्याची कानडी आवृत्ति निघाली, आणि २०१८ सालीं शशांक खेतान यांनीं 'धडक' या नांवानें हिंदी आवृत्ति काढली. 'धडक'मध्यें कथेचा सांगाडा तोच, प्रकार तोच, संगीतकारहि तेच. दिग्दर्शक व स्थळ मात्र निराळें. उदयपूरच्या वाड्यांत जातीचा प्रश्न पुसट झाला. शेवटीं नायिका जिवंत राहिली, आणि ती भयाण शांतता हरवली. प्रकारच सर्व कांहीं असतो, तर दोन्ही चित्रपटांचा परिणाम एकच व्हावयास हवा होता. दिग्दर्शकाच्या पक्षाला याहून भक्कम पुरावा हवा कशाला ? तथापि येथेंहि एक बारकावा आहे. हिंदी आवृत्तींत जें हरवलें, तें केवळ एका व्यक्तीचें कसब नव्हे. तीं शिवारें, ती बोली, कोणी कोणाच्या विहिरीवर जावें याचे न लिहिलेले नियम, हीं सर्व जेऊरच्या माणसानें स्वतः भोगून जाणलेलीं होतीं. दिग्दर्शकाची सही त्याच्या बोटांतून उमटते, पण शाई त्याच्या गांवची असते.

या साक्षींवरून दोन्ही पक्षांचा हिशेब असा मांडतां येतो. प्रकाराची उपपत्ति प्रेक्षकाचा मान राखते. चित्रपट लाखों लोकांच्या अपेक्षेंतून घडतो, हें ती विसरत नाहीं. आणि काळाबरोबर एखादी कथा कशी रूप पालटते, तें ती दाखविते. पण तिच्या खणांत 'धर्मात्मा' व 'संत तुकाराम' शेजारीं पडून राहतात, आणि 'सैराट' व 'धडक' यांतील अंतर तिला मापतां येत नाहीं. दिग्दर्शकाची उपपत्ति तें अंतर मापते. विस्कळित वाटणाऱ्या चित्रपटांतून एका मनाचा धागा काढून देते. बाजारांत उभ्या राहिलेल्या कलेला लेखनाची प्रतिष्ठा मिळवून देते. पण ती दामले-फत्तेलालांपुढें गोंधळते, तेंडुलकरांपुढें अडखळते, आणि संगीत, छायालेखन, अभिनय करणाऱ्यांना एका नांवाच्या सावलींत उभें करते. शिवाय थोर दिग्दर्शकाच्या सामान्य चित्रपटालाहि ती भाविकपणें वंदन करूं लागते, हा केलबाईंचा आक्षेप अजून उभाच आहे.

वस्तुतः हे दोन पक्ष दिसतात तितके परस्परविरोधी नाहींत. सॅरिसची तिसरी कसोटीच सांगते, कीं दिग्दर्शकाचा अर्थ हातीं आलेल्या सामग्रीशीं होणाऱ्या ओढाताणींतून निघतो. ती सामग्री म्हणजे बव्हंशीं प्रकारच. ओढावयास कांहीं नसेल, तर ताण कोठून येणार ? पंढरीच्या वाटेवर ही गोष्ट फार पूर्वींपासून ठाऊक आहे. अभंगाचा छंद सर्वांचा. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा या सर्वांनीं तोच वापरला. पण शेवटच्या चरणांत ज्याची त्याची नाममुद्रा येते, आणि मुद्रा झांकली तरी जाणता वारकरी आवाज ओळखतो. छंद नसता, तर आवाज ओळखूं आला नसता; आणि आवाज नसता, तर छंद कोरडा राहिला असता.

बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहींत. ज्यांनीं त्यांचे पडदे रंगविले, यंत्रें फिरविलीं, त्यांपैकीं अनेकांचीं नांवेंहि उरलीं नाहींत. सोलापुरांत डॉ. कोटणिसांचें स्मारक उभें आहे, म्हणून पडद्यावरचें मरण आणि खरें मरण यांतील अंतर तेथील मुलाला कळूं शकतें. असें स्मारक प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहीं. म्हणून चित्रगृहाच्या दाराशीं "कसला ?" आणि "कोणाचा ?" हे दोन प्रश्न विचारून झाल्यावर, बाहेर पडतांना जाणत्या प्रेक्षकानें तिसरा प्रश्नहि विचारावा : "कोणाकोणाचा ?" श्रेयनामावलि पडद्यावरून सरकत असतांना जागा सोडून उठण्याची घाई न करणें, एवढ्यापासून त्या प्रश्नाच्या उत्तरास आरंभ होतो.